अंड्यातली लस

आमच्या सर्जरीत ऑक्टोबरच्या चारही शनिवारी फ्लूच्या लशीचं क्लिनिक असतं. इंग्लंडमध्ये साध्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही सर्जरी म्हणतात. वीस वर्षं झाली, आता मलाही त्याचं काही वाटत नाही. सकाळी साडेआठला मी दार उघडते तेव्हा पायरीवर मुरलीधर आगाशे उभे असतात. वय सत्त्याहत्तर, अंगात निळा रेनकोट, हातात चहाचा थर्मास आणि चेहऱ्यावर आपल्याला उशीर तर नाही ना झाला, अशी काळजी. रांगेत सगळ्यांच्या आधी ते असतात, पण लस घ्यायला नाही. ते आमचे व्हॉलंटिअर. म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची, कोट काढायला मदत करायची, घाबरलेल्यांशी चार शब्द बोलायचे ही त्यांची कामं. हे त्यांचं पाचवं वर्ष. हजारएक माणसं तरी त्यांनी माझ्या सुईपर्यंत आणून सोडली असतील. स्वतःची बाही मात्र त्यांनी एकदाही वर केली नाही. दुपारी खुर्च्या रचून ठेवतात, थर्मास उचलतात आणि बस पकडून घरी जातात.

मला याचा भयंकर राग यायचा. मला राग तसा लवकर येतो, आणि नर्सला तो दाखवता येत नसल्यामुळे आत साठून राहतो. पण आगाशेकाकांवरच्या रागाला आणखी एक कारण होतं. ते फ्लूची लस का घेत नाहीत हे मला ठाऊक होतं. ज्या समजुतीपायी घेत नव्हते ती समजूत चुकीची आहे, हेही सबंध साउथहॅम्प्टनमध्ये एकट्या मला ठाऊक होतं.

काका १९८१ साली ठाण्याहून इथं आले आणि शहराबाहेरच्या एका लशीच्या कारखान्यात लागले. फ्लूची लस कोंबडीच्या अंड्यांत बनते, हे बहुतेकांना माहीत नसतं. काकांचं काम अंडी पारखायचं. अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढे अंडं धरायचं. आत लालसर शिरांचं जाळं दिसलं आणि मधला ठिपका हलला, तर अंडं जिवंत आहे, ते पुढे पाठवायचं. जाळं विरलेलं दिसलं की बाजूला काढायचं. मग कवचाला बारीक भोक पाडून फ्लूचा विषाणू आत सोडायचा आणि अंडं दोन-तीन दिवस उबेत ठेवायचं. तेवढ्यात तो आतल्या पाण्यात भरपूर वाढतो. नंतर अंडी गार करायची, ते पाणी काढून घ्यायचं, विषाणू रसायनानं मारायचा, फोडायचा, पुन्हा पुन्हा गाळून स्वच्छ करायचा. एका अंड्यातून जेमतेम एखाद्या माणसापुरती लस निघते. काकांनी बत्तीस वर्षं हे केलं. अजूनही ते सुपरमार्केटमध्ये अंड्यांच्या शेल्फपाशी थांबतात आणि उगाच एखादं अंडं उजेडाकडे धरून बघतात, असं मी स्वतः पाहिलंय.

आणि त्यांच्या घरात अंडं वर्ज्य होतं. सुनेत्राकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, अंडं खात नसत एवढंच नाही, तर घरात येऊ देत नसत. मुलीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा दह्यातला व्हायचा. नवरा दिवसभर अंड्यांत बुडालेला आणि बायकोचं हे असं, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही घरात रोज भांडण झालं असतं. इथं झालं नाही. काका कारखान्यातून आले की पुढच्या दारानं न येता मागच्या दारानं यायचे. तिथं लागूनच एक छोटी न्हाणी होती. दाराच्या हुकावर धुतलेला टॉवेल आणि घरचे कपडे टांगलेले असायचे. आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मग स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. हा नियम कधी ठरला, कोणी ठरवला, हे काकांना आठवत नाही. टॉवेल नाही असा एक दिवस मात्र बत्तीस वर्षांत आला नाही, हे ते दोनदा सांगतात.

त्यांना एकच मुलगी, देवयानी. ती इथंच वाढली, मराठी मोडकंतोडकं बोलते, आणि रीडिंग शहरात फायनान्समध्ये आहे. इथं मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी, त्यामुळे काका, काकू आणि त्यांचं ते मागचं दार हेच त्यांचं जग होतं. मी पुण्याहून इथं नर्स म्हणून आले तेव्हा काकूंनी मला लगेच आपली करून टाकलं. दम्याच्या तपासणीला यायच्या आणि दहा मिनिटांतली सात मिनिटं मी काय जेवले याची चौकशी करायच्या.

काका रांगेत लोकांशी काय बोलतात ते मी खोलीचं दार उघडं ठेवून ऐकते. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की लस घेतली आणि फ्लू झाला, किंवा नव्या लशींमध्ये काय घातलंय कोण जाणे. काका वाद घालत नाहीत. वेटिंगरूममधल्या खुंटीवरचा आपला निळा रेनकोट काढतात आणि हातावर घेतात. समजा, हा विषाणूचा कोट, ते म्हणतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना विषाणूचा चेहरा ओळखता येत नाही, त्याचा कोट तेवढा ओळखता येतो. एकदा तो नीट पाहिला की ते लक्षात ठेवतात, आणि पुन्हा तसला कोट दारात दिसला की उशीर न करता तुटून पडतात. पहिल्यांदा ओळख पटायलाच आठवडा-दीड आठवडा जातो आणि तेवढ्यात माणूस आजारी पडतो. लशीचं काम एवढंच की आजार न देता तो कोट आधी दाखवून ठेवायचा.

मग ते कोट दाखवायच्या तऱ्हा सांगतात. गोवर आणि गालगुंडाच्या लशीत विषाणू जिवंत असतो, पण परक्या पेशींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवून इतका दुबळा केलेला, की कोट घालून नुसता चालतो, मारामारी त्याला जमत नाही. ओळख त्यानं उत्तम होते, पण ज्याची प्रतिकारशक्तीच ढासळली आहे त्याला सहसा ती देत नाहीत. पोलिओच्या इंजेक्शनात विषाणू मेलेला असतो. प्रेताच्या अंगावरचा का होईना, कोट तोच. फ्लूचंही तसंच, फक्त तो मारून वर त्याचे तुकडे केलेले असतात, म्हणून त्यापासून फ्लू होणं शक्य नाही. काविळीच्या बी प्रकाराच्या लशीत, नागिणीच्या लशीत विषाणू नसतोच, कोटाची नुसती बटणं असतात, दुसऱ्या पेशींकडून तयार करून घेतलेली. कोविडच्या वेळी आणखी दोन तऱ्हा आल्या. एकीत दुसऱ्याच निरुपद्रवी विषाणूच्या खिशात त्या बटणाचा नमुना घालून पाठवतात. दुसरीत तो निरोप्याही नाही. शिंप्याकडे नुसता कागद पाठवायचा, की असं असं बटण शिव. शिंपी म्हणजे आपल्याच पेशी. बटण शिवून झालं की कागद दोन-चार दिवसांत विरून जातो. फ्लू मात्र लबाड, तो दर वर्षी कोट बदलतो, म्हणून दर वर्षी यावं लागतं.

मी लसीकरणाची तीन ट्रेनिंग्ज केली आहेत. एकातही हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं. कोट खुंटीला परत जातो, माणूस हसून माझ्या खोलीत येतो आणि दंड पुढे करतो. काका पुढच्या माणसाकडे वळतात.

कोविडची लस काकांनी घेतली आहे, नागिणीचीही घेतली आहे. नको म्हणतात ती फक्त फ्लूची. त्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच वर्षी मधल्या सुट्टीत थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगितलं. ते असं घडलं होतं.

काकूंना दमा असल्यामुळे २००६ पासून त्यांना दर वर्षी फ्लूच्या लशीचं बोलावणं यायला लागलं. काकूंनी काकांना विचारलं, यात अंडं असतं का. काकांना फ्लूनं दम्याच्या माणसाचं काय होतं ते माहीत होतं. अंडं म्हटलं तर ही जाणार नाही, हेही माहीत होतं. ते म्हणाले, बाकीच्यांच्या लशीत असतं, तुझ्यासाठी बिनअंड्याची सांगून ठेवलीय. अशी लस त्या वेळी आमच्या फ्रिजमध्ये नव्हती. काकू गेल्या आणि लस घेऊन आल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशी तेरा वर्षं गेली. काकांना वाटायचं, हे खोटं पचलं.

मग २०१९ च्या शरदात अंड्याऐवजी पेशींमध्ये वाढवलेली फ्लूची लस खरोखरच आली. काका तेव्हा रिटायर झालेले होते. बातमी वाचून त्यांना इतका आनंद झाला की ते तडक स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "यंदाच्या लशीत खरंच अंडं नाही गं."

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी विचारलं, आणि आतापर्यंतच्या? काकांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. सावरून घेता आलं असतं, पण तेरा वर्षांचं ओझं होतं, त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग ही नवी कशात करतात? काका म्हणाले, पेशींमध्ये. कसल्या पेशी? काका म्हणाले, कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या. साठ-एक वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या घेतल्या होत्या, त्याच बाटल्यांमध्ये वाढवत आलेत. खरं बोलायची सवय नसलेल्या माणसानं एकदम इतकं खरं बोलू नये, असं माझं मत आहे.

काकू ओरडल्या नाहीत. हात धुतले, कणीक झाकून ठेवली आणि म्हणाल्या, मला यंदा लस नको. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं राहिलं. जानेवारीत काकूंना फ्लू झाला, तो छातीत उतरला, आणि सहा दिवसांत त्या हॉस्पिटलमध्येच वारल्या. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. देवयानीला रीडिंगहून येता येईना. काका त्या घरात एकटे, दिवसाकाठी एक फोन आणि बाकी सगळा वेळ तेच एक वाक्य. मी तिला तेरा वर्षं फसवलं, म्हणून तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला, म्हणून ती गेली. लस घेऊनही काहींना फ्लू होतोच, तिचा उपयोग शंभर टक्के नसतो, हे त्यांनीच रांगेतल्या लोकांना शंभरदा सांगितलंय. स्वतःच्या बाबतीत ते गणित त्यांनी कधी मांडलं नाही. जी लस मी तिला खोटं बोलून दिली, ती मी कुठल्या तोंडानं घेऊ, असं ते म्हणाले. माझ्या कपातला चहा तसाच राहिला.

कारण काकूंना पहिल्यापासून माहीत होतं.

२००६ च्या ऑक्टोबरात त्या माझ्यासमोरच बसल्या होत्या. मी नवीन होते, नियमांना घाबरून असायचे. त्यांनी विचारलं, मंजिरी, यात अंडं असतं ना? मी म्हटलं, हो काकू, अंड्यातच वाढवतात, अंश राहतो. मग त्यांनी शालीची घडी मांडीवर ठेवली आणि दंड पुढे केला. मी विचारलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, "यांनी माझ्यासाठी वेगळी सांगून ठेवलीय म्हणे. त्यांना तसंच वाटू दे. त्यांना सांगू नकोस." मी हसले. मला तो नवरा-बायकोतला गमतीचा मामला वाटला. पुढे बारा वर्षं त्या यायच्या, आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोलायचो नाही, आणि त्या लस घेऊन जायच्या.

२०१९ च्या नोव्हेंबरात त्या दम्याच्या तपासणीला आल्या तेव्हा मी लशीचं काढलं. काकूंनी नाही म्हटलं. मी म्हटलं, इतकी वर्षं माहीत असून घेतलीत ना? त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "ते सांगत नव्हते तोवर मला विचारावं लागत नव्हतं. आता तोंडावर सांगितलं. आता घेतली तर मी चाळीस वर्षं काय पाळलं?" मग उठता उठता म्हणाल्या, मार्गशीर्षातले गुरुवार होऊन जाऊ देत, मग येते, बघू. बाहेर सात माणसं ताटकळत होती. मी कॉम्प्युटरवर 'नकार' असा शिक्का उमटवला आणि पुढच्याला हाक मारली. मार्गशीर्ष डिसेंबरच्या अखेरीला संपला. मी तेव्हा सुट्टीवर पुण्यात होते, भाऊबहिणींमध्ये मजेत. काकूंना फोन करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. बारा जानेवारीला परत आले तर काकू हॉस्पिटलमध्ये होत्या.

आता हे काकांना का सांगितलं नाही, असं कोणीही विचारील. माझ्याकडे उत्तर तयार होतं. पेशंटचं बोलणं पेशंट गेल्यावरही गुप्त ठेवायचं असतं, असा आमचा नियम आहे. शिवाय काकूंनी स्वतः सांगू नकोस म्हटलं होतं. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्हींच्या मागे मी लपले होते. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, त्या येते म्हणाल्या होत्या आणि मी फोन केला नाही, हेसुद्धा. त्यापेक्षा काकांवर रागावणं सोपं होतं.

यंदा मात्र ते जमेना. मार्चमध्ये काकांना न्यूमोनिया झाला. अकरा दिवस हॉस्पिटलात काढून आले ते निम्मे होऊन. मी घरी भेटायला गेले. त्यांनी बेल ऐकूनही पुढचं दार उघडलं नाही. मागून आवाज दिला, इकडून ये. मागच्या दाराच्या हुकावर धुतलेला टॉवेल होता, घरचा शर्ट-पायजमा होता. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, काकू जाऊन पाच, आणि हा माणूस बाहेरून आला की अजून आधी न्हाणीत जातो. टॉवेल आता त्याचा त्यालाच टांगावा लागतो. त्यांनी फ्रिजमधून काढून मला आठवड्याभरासाठी करून ठेवलेला वरण-भात गरम करून वाढला. खायला दुसरं माणूस आहे म्हणून ते स्वतःही दोन घास जास्त जेवले.

सप्टेंबरात देवयानीचा फोन आला. ती रडवेली झाली होती. "मंजिरीताई, कन्सल्टंटने क्लिअरली सांगितलाय, अनदर इन्फेक्शन ही वोन्ट सर्व्हाइव्ह. बाबा माझी ऐकत नाही. रीडिंगला पण येत नाही, फ्लू जॅब पण घेत नाही. तू सांग ना त्याला. तुझी ऐकेल." मी बघते म्हटलं. फोन ठेवल्यावर मला काकूंचं 'बघू' आठवलं, आणि मी ठरवलं.

चौथ्या शनिवारी सांगायचं असं म्हणत मी तीन शनिवार घालवले. चौथ्या शनिवारी शेवटचा माणूस सव्वाबाराला गेला. बंदरात मोठी क्रूझ लागली होती, रस्त्यावर बॅगावाल्यांची गर्दी होती. काका खोकत खोकत खुर्च्या रचत होते. मी त्यांना खोलीत बोलावलं आणि दार लावलं. ते पेशंटच्या खुर्चीत बसले, म्हणाले, मला माहीत आहे देवयानीनं फोन केला असणार, आणि माझं उत्तर तुला माहीत आहे.

"काका, काकूंना माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"अंड्याचं. पहिल्याच वर्षी त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणून सांगितलं. त्यांनी तरीही घेतली. तेराच्या तेरा वर्षं माहीत असून घेतली."

मी थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. काकू काय म्हणाल्या होत्या, नोव्हेंबरात काय म्हणाल्या, मार्गशीर्षाचं, बाहेरच्या सात माणसांचं, पुण्याचं, न केलेल्या फोनचं, सगळं सांगितलं. दोष द्यायचा असेल तर त्यात माझा वाटा मोठा आहे, असंही म्हटलं. बोलताना मला रडू आलं, आणि पेशंटसाठी ठेवलेले टिश्यू मीच वापरले.

त्यांनी माझ्या वाट्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"म्हणाल्या, त्यांना तसंच वाटू दे."

काका मान खाली घालून बसले. मला एकदम भीती वाटली. पाच वर्षं त्या घरात त्यांना सोबत होती ती त्या एका अपराधाची. तो त्यांनी रोज उठून पाहिला होता, सांभाळला होता. मी तो काढून घेतला होता आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. उलट आता त्यांना आणखी एक कळलं होतं, की ज्या बायकोबरोबर आपण इतकं जवळून राहिलो, तिच्या मनातलं आपल्याला तेरा वर्षं कळलं नाही. मला वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

"ती आंघोळ करायची," काका म्हणाले.

मला कळेना. त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज साधा होता, रांगेतल्या माणसाला समजावताना असतो तसा. "फ्लूची लस घेऊन घरी आली की दर वर्षी मागच्या दारानं यायची. माझ्या न्हाणीत आंघोळ करायची, मग स्वयंपाकघरात जायची. मी विचारलं होतं एकदा. दवाखान्याचे जंतू नकोत म्हणाली. बाकी वेळी दवाखान्यातून सरळ पुढच्या दारानं यायची, हे माझ्या लक्षातच आलं नाही गं. मी बत्तीस वर्षं अंडी पारखली."

बाहेर रिसेप्शनवरची बाई दिवे मालवायला लागली होती. मी तिला थांब म्हणून खूण केली. काका उठले. मला वाटलं, निघाले. ते फ्रिजपाशी जाऊन उभे राहिले आणि काचेतून आतल्या खोक्यांकडे बघत त्यांनी विचारलं, आज कुठली आहे? मी सांगितलं की दोन्ही आहेत. पासष्टच्या पुढच्यांना देतो ती अंड्यातलीच आहे, त्यात म्हाताऱ्या पहारेकऱ्यांना जागं करायला एक जास्तीचा पदार्थ असतो. त्यांना नकोच असेल तर पेशींतलीही काढता येईल.

"अंड्यातली दे," ते म्हणाले.

ते खुर्चीत बसले आणि स्वेटरची बाही वर करायला लागले. बाही कोपरापाशी अडकली. पाच वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या सोडवणाऱ्या माणसाला स्वतःची सोडवता येईना. मी सोडवली. दंड फार बारीक झाला होता. सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, रिकामी सिरिंज मात्र हातात मागून घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरून एकदा पाहिली आणि मला परत दिली. मी कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे 'दिली' अशी नोंद केली. देवयानीला मेसेज टाकला.

मी त्यांना म्हटलं, आज माझ्याकडे जेवायला चला, संध्याकाळी गाडीनं सोडते. त्यांनी थर्मास उचलला, खुंटीवरचा रेनकोट अंगात घातला आणि सावकाश सगळी बटणं लावली.

"आज नको," ते म्हणाले. "आधी घरी जाऊन आंघोळ करायला हवी."